चादरीचं दुसरं टोक

८ जानेवारी

ताई,

नमस्कार कुठल्या तोंडाने करू ते कळत नाही, म्हणून आधी बातमी सांगते. मला सुपरवायझर केलंय. हो, मला. तुझ्या धाकटीला. हॉस्पिटलच्या त्याच लॉन्ड्रीत, तुझ्याच टेबलामागे, एक पाय आखूड असलेल्या तुझ्याच त्या खुर्चीवर. हसून झालं असेल तर पुढे वाच.

तू गेल्यावर दोन वर्षं तुझ्या जागेवर एक निवृत्त कवायत मास्तर होते. त्यांना आम्ही शिट्टीवाले म्हणायचो, कारण सगळी लॉन्ड्री त्यांनी शिट्टीवर चालवली. एक शिट्टी म्हणजे धुण्याचे ड्रम सुरू, दोन शिट्ट्या म्हणजे चहा. गेल्या महिन्यात त्यांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. मग व्यवस्थापक बाई खाली आल्या, सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "तुम्हाला इथे किती वर्षं झाली?" मी म्हटलं, "चौदा." त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच." एका शब्दाचं उत्तर दिलं आणि पद मिळालं. गप्प राहिले असते तर वाचले असते, पण गप्प राहण्याबद्दल तुझ्याशी न बोललेलंच बरं.

तीन महिने परीक्षा आहे. मार्चअखेर ठरणार, मी पक्की की परत घडीच्या टेबलावर. अकरा जणं माझ्याकडे बघत उभी राहतात. काय सांगायचंय ते मला माहीत असतं, पण अर्ध्या वाक्यावरच मी उगाच चादरी मोजायला लागते.

फोन करणार होते. पण तू उचलत नाहीस, आणि उचललासच तर माझी वाचा बसेल हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. त्या दिवसाबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. बॉयलरची चौकशी, ती लांब टेबलाची खोली, तुझ्याकडे वळलेली सगळ्यांची तोंडं आणि शेवटच्या खुर्चीत मूग गिळून बसलेली मी. बघ, लिहीत नाही म्हटलं आणि लिहिलंच.

भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी

२० जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते हसतील आणि तू हसलीस तरी मला ऐकू येणार नाही.

व्यवस्थापक बाईंनी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय आत्मविश्वास आणि नेतृत्व. आम्ही वीस जण आणि एक उत्साही सर. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. पहिल्यात हुकूम सोडणारा, दुसऱ्यात सगळ्यांना विचारून करणारा, तिसऱ्यात स्वतः राबून दाखवणारा, चौथ्यात लोकांना मोकळं सोडणारा. "आपापला चौकोन शोधा," म्हणाले. मी वहीत लिहिलं, पहिल्या चौकोनात माझी बहीण आहे, तिसऱ्यातही तीच आहे, आणि उरलेल्या दोनांत शिरायची मला भीती वाटते. सरांनी वही पाहिली आणि "प्रामाणिक" असा शेरा मारला.

रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी हे करू शकते" असं दहा वेळा म्हणायला सांगितलंय. चौथ्या वेळेला बाहेरून हे ओरडले, "काय करू शकतेस ते कर, पण आधी बाथरूम मोकळं कर, माझी बस चुकेल!" स्वतःच बस चालवतात, यांच्याशिवाय ती सुटणार कशी, पण ते जाऊ दे.

सोमवारी मी तुझा चौकोन घेतला. कमरेवर हात, मान तिरकी, आणि म्हटलं, "हे काय चाललंय इथे?" आपली बडबडी अजून ड्रमवरच आहे आणि अजूनही ड्रमपेक्षा तिचाच आवाज मोठा. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "अगदी ताई! अजून एकदा कर ना गं!" सगळी लॉन्ड्री हसली. शेवटी मीही हसले, करणार काय?

मंगळवारी शिट्टी काढली. टेबलाच्या खणातच होती. फुंकली तर दारात चादरींची गाडी ढकलणारा दादा जागच्या जागी पुतळा झाला आणि वरच्या मजल्यावरून दोन नर्सबाई जिना उतरून धावत आल्या, कुणाला काय झालं म्हणून. मी म्हटलं, "चहाची वेळ झाली." त्या ज्या नजरेने बघून गेल्या ती तुला सांगत नाही.

तुझी धाकटी

३१ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं! "शिट्टी फेकून दे." तीन शब्द. ना नमस्कार, ना सही, ना खुशाली. मी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "एवढं काय आहे त्यात?" त्यांना काय कळणार? दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं मी.

शिट्टी फेकली. मग दुसऱ्या चौकोनात शिरले, सगळ्यांना विचारून करणारी. म्हटलं, सोप्यापासून सुरुवात करावी. चहा दहाला हवा की सव्वादहाला, तुम्हीच ठरवा. ताई, माणसं चहावर इतकं बोलू शकतात याची मला कल्पना नव्हती. घडीच्या टेबलावरच्या टिंगूने तिच्या जोडीदारणीचं, लंबूचं, दोन वर्षांपूर्वीचं काहीतरी उकरून काढलं. दादा म्हणाला, मला कधीही चालेल पण दहाला नको. चाळीस मिनिटांनी हात वर करून मोजणी झाली, पाच विरुद्ध पाच. अकरावी आपली मोठी मावशी, लॉन्ड्रीतली सगळ्यांत जुनी. सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "मी चहा घेत नाही."

तोवर अकरा वाजले होते, तीन ड्रम भरून तसेच पडले होते आणि मुलांच्या वॉर्डातून टॉवेलसाठी दोनदा निरोप आला होता. घाईत टॉवेल आणि चादरी एकाच ड्रममध्ये टाकले. कपाळाला हात लावू नकोस, मी लावून झालाय.

तुझी धाकटी

१४ फेब्रुवारी

ताई,

"टॉवेल वेगळे धुवायचे हे आता शिकवायला लागणार का?" हे तुझं दुसरं कार्ड. आठ शब्द! प्रगती आहे.

आता आनंदाची बातमी. मला माझा मार्ग सापडलाय. बोलावं लागतच नाही असा मार्ग. मी तक्ता केला. मोठ्या पुठ्ठ्यावर, रंगीत पेनांनी, प्रत्येकासमोर त्याचं काम आणि त्याला लागणारी मिनिटं. तो भिंतीवर लावला आणि मी टेबलामागे बसले. कुणी काही विचारलं की बोटाने तक्ता दाखवायचा. घशाला त्रासच नाही.

घडीच्या जोड्या सगळ्या बदलल्या. लंबू आणि टिंगू एका चादरीची दोन टोकं धरतात आणि टिंगूला खोक्यावर उभं राहावं लागतं, हे मला नेहमी वेडेपणाचं वाटायचं. आता उंच बरोबर उंच, ठेंगणी बरोबर ठेंगणी. खोका काढून टाकला.

मावशीपाशी मात्र अडले. रोलरमधून इस्त्री होऊन चादरी बाहेर पडतात, त्यांची घडी होते आणि सगळ्यांत शेवटच्या टेबलापाशी ती स्टूल टाकून बसलेली असते. तिथे ती नक्की काय करते, ते लिहायला शब्द सापडेना. घडी घालत नाही, मोजत नाही. समोरून जाणाऱ्या प्रत्येक घडीच्या पोटात हात घालून हाताची पाठ लावते, एवढंच. त्याला रकाना नव्हता. मग तिला मळके कपडे वेगळे करायच्या कामावर टाकलं, तिथे माणसं कमीच होती. तिने आपलं स्टूल उचललं आणि गेली.

व्यवस्थापक बाई तक्ता बघून म्हणाल्या, "वा. आता इथे काहीतरी चाललंय असं दिसतंय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. संपूर्ण तक्ता तुझ्यासाठी मागच्या पानावर उतरवून काढलाय. बघ आणि कसा आहे ते कळव.

तुझी धाकटी

२३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड काल दुपारी आलं. "मावशीला शेवटच्या टेबलावरून कुणी हलवलं?" ते सकाळी यायला हवं होतं. खरं तर आठ दिवस आधी.

काल सकाळी ऑपरेशन विभागातून एकशेचाळीस हिरव्या चादरी परत आल्या. घडीच्या आत ओल राहिली होती. वरून कोरड्याठणठणीत आणि पोटात दमट. पेटीत बंद राहून त्यांना वास आला, आणि अशा चादरी निर्जंतुक करायला घेत नाहीत. सकाळची दोन ऑपरेशनं दुपारवर ढकलावी लागली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेली दोन माणसं माझ्या रंगीत तक्त्यामुळे आणखी चार तास उपाशी राहिली.

मावशी हाताच्या पाठीने काय करत होती ते तेव्हा कळलं. ती ओल शोधत होती. इतकी वर्षं तिने एक दमट घडी पुढे जाऊ दिली नव्हती, आणि कुणी तिला ते काम सांगितलंही नव्हतं. म्हणूनच त्याला नाव नव्हतं. तू होतीस तेव्हा तुला माहीत होतं. मला सांगितलं कधी नाहीस, आणि मी विचारलं कधी नाही.

आता जे लिहिते ते वाचून पत्र फाडू नकोस. व्यवस्थापक बाई खाली आल्या तेव्हा रागाने लाल झाल्या होत्या. म्हणाल्या, "शेवटच्या टेबलावर त्या म्हाताऱ्या बाई असतात ना? त्यांचंच दुर्लक्ष. वय झालंय त्यांचं. नऊ तारखेला चौकशी ठेवते आणि त्यांना घरी पाठवायचं बघते." मावशी त्या दिवशी तिथे नव्हतीच, ताई. मी तिला हलवली होती. तक्ता भिंतीवरच होता, पण रागात माणूस भिंती वाचत नाही.

मी काय म्हटलं? काही नाही. मान हलवली. वरखाली की आडवी, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

खरं सांगितलं तर पद जातं. नाही सांगितलं तर मावशी जाते. आणि चौकशी त्याच लांब टेबलाच्या खोलीत आहे.

तुझी धाकटी

२ मार्च

ताई,

कार्ड नाही. मी समजू शकते.

तक्ता उतरवला. जोड्या पहिल्यासारख्या केल्या, टिंगूला तिचा खोका परत दिला. तिने तो पुसून घेतला, जसा काही मी त्यावर बसलेच होते. मावशीला शेवटच्या टेबलावर आणलं. तिला म्हटलं, "तू हात लावून काय बघतेस ते मला शिकव." ती म्हणाली, "बोटांना इस्त्रीची ऊब लागते, ती फसवते. हाताची पाठ फसत नाही." मी दिवसभर तिच्याजवळ बसले. पहिल्या शंभरांत माझ्या तीन चुका झाल्या, तिच्या शून्य.

काल लंबूची कंबर धरली म्हणून ती आली नाही आणि टिंगूने सुट्टीच घेऊन टाकली. माणसं कमी पडली. मावशी म्हणाली, "चल, दोन-चार चादरींच्या घड्या आपण घालू." मी एक टोक धरलं, तिने दुसरं. उभ्या राहिलो. आणि तशाच उभ्या राहिलो. शेवटी ती म्हणाली, "अगं, ओढ की! मी किती वेळ धरून उभी राहू?"

चौदा वर्षांत चादरीला पहिला झटका मी कधी दिलाच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. तो आधी तू द्यायचीस, तू गेल्यावर समोर जी असेल ती. मग मावशी म्हणाली, "तुझी ताई इतक्या जोरात ओढायची की माझ्या हातून टोक सुटायचं. शिट्टीवाल्याने तर कधी टोक धरलंच नाही. आणि तू ओढतच नाहीस. बेताने ओढ, म्हणजे मलाही ओढता येईल. तेव्हाच सुरकुती जाते." फळ्यावरच्या चार चौकोनांत हे कुठे बसतं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर आम्ही चाळीस चादरींच्या घड्या घातल्या आणि एकीलाही सुरकुती नव्हती.

आता ते लिहिते, जे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

बॉयलरच्या दिवशी मी तुझ्या शेजारी उभी होते. व्हॉल्व्हमधून वाफ सुटताना मी डोळ्यांनी पाहिली. तू बॉयलर बंद केलास, दिवसभर काम थांबलं, आणि मिस्त्री आला तोवर सगळं थंड झालं होतं, म्हणून त्याला गळती दिसली नाही आणि तू उगाच काम बंद पाडलंस असं ठरत आलं. चौकशीत विचारलं, "आणखी कुणी पाहिलं का?" मी खाली बघत राहिले. मी घाबरले असंच सगळ्यांना वाटलं, तुलाही वाटलं असेल. घाबरले होतेच. पण त्या भीतीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. मला वाटलं, एकदाच, फक्त एकदाच, ताईचं चुकलं असं कुणीतरी म्हणू दे. तुला पदावरून काढतील, तू राजीनामा तोंडावर फेकून निघून जाशील, एवढं डोक्यात नव्हतं. एक दिवस पुरे होता मला.

हे वाचून तू काय म्हणशील ते म्हण.

तुझी धाकटी

१० मार्च

ताई,

काल चौकशी झाली. आधी निकाल सांगते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. मावशी आहे. मीही आहे, पण अर्धी.

पाच जणं टेबलापलीकडे होती. मावशी एका खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. व्यवस्थापक बाईंनी वाचायला सुरुवात केली, "वयोमानामुळे झालेलं दुर्लक्ष..." आणि मी उठले. पहिलं वाक्य मी बोलले ते माझ्याशिवाय कुणाला ऐकूच गेलं नाही. बाई म्हणाल्या, "मोठ्याने बोला." मग निघालं ते इतकं मोठ्याने की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "त्या दिवशी मावशी तिथे नव्हत्या! मी त्यांना हलवलं होतं! त्यांचं काम काय ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही!"

आरशासमोर कितीही सराव करा, पाच जोडी डोळ्यांचा कुणी सराव देत नाही. मला वाटलं होतं, एवढं बोलले की पडेन. पडले नाही. उभीच होते. उभी आहे म्हटल्यावर पुढचंही बोलावं असं वाटलं.

म्हटलं, "आणखी एक. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत विचारलं होतं, वाफ कुणी पाहिली का. मी पाहिली होती. माझी बहीण खरं बोलत होती."

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "ती फाइल बंद झालीय."

मी म्हटलं, "मग उघडा."

ताई, हे मी म्हटलं. मलाच मागे वळून बघावंसं वाटलं, कोण बोललं म्हणून. मावशी खाली मान घालून हसत होती. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शिपायाला फाइल आणायला पाठवलं. माझा जबाब त्यात लावलाय, तारखेसकट, माझ्या सहीसकट. नक्कल सोबत जोडली आहे.

मग म्हणाल्या, "तक्ता मीही पाहिला होता. त्यात एक रकाना राहिलाय हे मलाही दिसलं नाही." हे त्यांनी पाच जणांसमोर म्हटलं, मानलं त्यांना. माझी परीक्षा मात्र तीन महिने वाढवली, चुकीबद्दल. आणि ती रद्द केली नाही, ती कबुलीबद्दल. मावशीच्या कामाला आता नाव आहे, ओल तपासणी, आणि तिच्या हाताखाली दोघींनी ते शिकायचं आहे. पहिली मी.

आज सकाळी अकरा जणं समोर उभी होती. चादरी मोजाव्याशा वाटल्या, वाटतातच. पण मी म्हटलं, "मुलांच्या वॉर्डाचं आधी निघायला हवं, ते कसं काढायचं ते तुम्ही सांगा, दहा मिनिटांत, चहावर बोलायचं नाही." नऊ मिनिटांत ठरलं. बडबडी म्हणाली, "ही कुणाची नक्कल?" मी म्हटलं, "कुणाची नाही, चल, ड्रम लाव."

तुझी धाकटी

२१ मार्च

ताई,

चार पानं! कार्ड नाही, पत्र, आणि तेही दोन्ही बाजूंनी. मी ते लॉन्ड्रीत, चादरींच्या ढिगामागे बसून वाचलं. तू रागावली आहेस. दोन पानं निव्वळ राग आहे आणि तो सगळा मला पावला, एक थेंब वाया गेला नाही.

जबाबाची नक्कल भावोजींनी चौकटीत घालून भिंतीवर लावली आणि तू ती काढून कपाटात ठेवलीस, असं लिहिलंयस. फेकली नाहीस, हे मी बघून ठेवलंय.

आणि शेवटी तू विचारलंयस, "सात पत्रं लिहिलीस. शिट्टी लिहिलीस, चहा लिहिलास, वाफ लिहिलीस. माझं चुकलं, मला माफ कर, हे कुठे आहे?"

मी सातही पत्रं मनात उलटून पाहिली. खरंच नाही. विसरले म्हणून नाही. दर वेळी सहीच्या आधी ते लिहावंसं वाटायचं आणि दर वेळी मी पेन बाजूला ठेवायचे. कागदावर मला काहीही जमतं, ताई. समोर कुणी नसतं. तुझी मान तिरकी होत नाही, तुझे डोळे बारीक होत नाहीत. तिथे मागितलेली माफी फार स्वस्तात पडली असती.

तू वाफेबद्दल खरं बोललीस आणि मी तुला एकटं सोडलं. हे एक. आणि लहानपणापासून माझं प्रत्येक वाक्य तूच पुरं करत आलीस, दुकानदारापुढे, शाळेतल्या बाईंपुढे, माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा. हे दुसरं. दोन्ही खरी आहेत, आणि दुसऱ्यामुळे पहिलं माफ होत नाही.

रविवारी ये. विचारत नाही, सांगतेय. साडेनऊची बस आहे आणि ती आमचे हेच चालवतात, तेव्हा चुकली हे कारण चालायचं नाही. मी स्टँडवर उभी असेन. उतरल्याबरोबर काही बोलू नकोस, आधी मी बोलणार आहे. मी अडखळेन. मध्येच थांबेन. तेव्हा तुला पुढचा शब्द माहीत असेल, तुझ्या ओठांवरही येईल. तो देऊ नकोस. थांब. कितीही वेळ लागला तरी ते वाक्य मीच पुरं करीन.

तुझी धाकटी